खरी गोळी कुणाच्या वाट्याला

माझ्या बायकोच्या अंगात शेवटी जे रक्त होतं ते माझं नव्हतं, माझ्या चुलतभावाचं होतं. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण मनातून ते गेलंही नाही. परभणीच्या दवाखान्यात तेव्हा तिच्या गटाच्या बाटल्या संपल्या होत्या. त्या गटाचा माणूस आणा म्हणले. मी बाही वर करून सगळ्यांच्या पुढं उभा. वय काठावर आलंय म्हणून त्यांनी आधी कुरकुर केली, मग बोटाला टोचून बघितलं आणि तुमचं जुळत नाही म्हणून मला बाकड्यावर बसवलं. थोरल्याचं जुळलं. थोरला म्हणजे हा चुलतभाऊच, माझ्याहून काही महिन्यांनी मोठा. तो आत पलंगावर मूठ उघडझाप करत पडला आणि मी बाहेर त्याच्या चपला सांभाळत बसलो. ती तरी वाचली नाहीच. मातीला आलेले लोक थोरल्याकडं बघून म्हणले, भाऊ असावा तर असा. मला कुणी काही म्हणलं नाही. बाकड्यावर बसलेल्या माणसाला काय म्हणणार?

आमचं गाव बोरीच्या अलीकडं, रस्त्यापासून आत. घरं एकाला एक लागून आहेत, मधे एकच भिंत. आजा एक, विहीर एक, शेताला बांध एक. लहानपणापासून त्याचं आणि माझं सगळं सारखं होत आलं. लग्नंसुद्धा एकाच मांडवात झाली. आता त्याची बायको आहे आणि माझी नाही.

त्याची बायको म्हणजे माझी वहिनी, लय बोलकी. सकाळी भिंतीपलीकडून तिचा आवाज सुरू होतो. "अहो, तोंड धुतलं का? अहो, चहा गार व्हायलाय. अहो, बनेल उलटं घातलंय." एवढ्या सगळ्याला थोरल्याचं उत्तर काय, तर "हूं". अंथरुणात पडल्या पडल्या मला त्या हूंचा राग येतो. एवढी विचारपूस फुकट मिळायली तर माणसानं दोन शब्द तरी खर्चावेत. माझी घरची बोलकी नव्हती. ती भांडी आपटायची. कसं भांडं आपटलं त्यावरून मला कळायचं की आज चहा झालाय, का आज माझ्यावर राग आहे. आता माझ्या घरात भांडं वाजतं ते माझ्याच हातून पडलं तर.

पोरगा पुण्याला कंपनीत आहे. ये म्हणतो. मी जाऊन आलो. तिथं सगळी दारं बंद ठेवतात. परत आलो.

दिवाळी झाली, सोयाबीन निघालं, कापूस वेचायला आला होता, तेव्हा परभणीहून एक डॉक्टरीण बाई गावात आल्या. कॉलेजातल्या होत्या. मारुतीच्या देवळापुढच्या ओट्यावर टेबल टाकून बसल्या. त्यांना साठीच्या पुढची माणसं पाहिजे होती, पण धडधाकट. बीपी नको, साखर नको, कसलं औषध चालू नको. वहिनीला साखर, म्हणून तिला घेतलं नाही. ती पदर खोचून म्हणली, "मला रोग हाय म्हणून मला काढून टाकलं. ह्या दोघांना आयुष्यात कायबी झालं न्हाई, ना रोग ना अक्कल, म्हणून त्यांना घेतलं."

मी बाईंना विचारलं, "धडधाकट माणसाला गोळी कामून?"

"तेच बघायचंय, काका. लोक दुकानातून या जीवनसत्त्वाच्या गोळ्या विकत घेतात. आजार काही नसतो, तरी खातात. त्यानं रक्तात खरंच काही बदलतं का, ते तपासायचंय."

मग त्यांनी समजावून सांगितलं. आपण श्वास घेतो, त्यातल्या प्राणवायूवर शरीर चालतं, पण त्यानंच थोडी झीजही होते. त्या झिजेच्या खुणा रक्तात सापडतात. क आणि ई ही जीवनसत्त्वं ती झीज आवरतात असं म्हणतात.

"म्हंजे विळ्याला गंज चढतो तसं," मी म्हणलो.

"तसंच समजा."

"अन् गोळी म्हंजे विळ्याला तेल."

"तेल लागतं का, ते बघायचंय," बाई म्हणल्या. मला त्या आवडल्या. उगं होला हो करत नव्हत्या.

पण पुढं त्यांनी जे सांगितलं त्यानं माझी झोप उडाली. निम्म्या लोकांना खरी गोळी मिळणार होती आणि निम्म्यांना तशीच दिसणारी, पण आत काही नसलेली. कुणाला कोणती ते बाईंनाही माहीत नाही. शेवटी सगळं झाल्यावर उघडणार.

"म्हंजे निम्म्यांना तुमी फसवणार."

"फसवत नाही, काका. आधीच तोंडावर सांगतेय."

थोरला शेजारी उभा होता. म्हणला, "मला कोणतीबी चालती, बाई." आयुष्यभर त्यानं हेच म्हणलं. वाटणीत कोणतं शेत पाहिजे? कोणतंबी. आणि त्याच्या वाट्याला काळी कसदार जमीन आली, मला मुरमाड. ज्याला कोणतंबी चालतं त्यालाच चांगलं मिळतं, हे मी साठ-पासष्ट वर्षं बघत आलोय.

आमचं रक्त काढलं. माझी नळी आणि त्याची नळी एकाच लाकडी ठोकळ्यात शेजारी शेजारी उभ्या केल्या. मी लय वेळ बघत राहिलो. दोन्ही सारखंच काळपट लाल. एक माझ्या बायकोला चाललं आणि एक चाललं नाही, हे नुसतं बघून कुणी सांगितलं नसतं. तेव्हाच मी मनात धरलं की या खेपेला मला बाकड्यावर बसायचं नाही. खरी गोळी मला मिळाली पाहिजे आणि माझं रक्त त्याच्याहून चांगलं निघालं पाहिजे. चार शिकल्या माणसांनी मोजून तसं सांगितलं पाहिजे. दुसरं मला काही नको होतं. बायको तर कुणी परत देणार नव्हतं.

प्रत्येकाला एक बाटली मिळाली. गोळी तांबूस, चकचकीत, लांबट. आत करडईच्या तेलासारखं काहीतरी. झाकण असं, की दाबायचं आणि दाबून धरूनच फिरवायचं. सकाळ-संध्याकाळ जेवणाबरोबर एक एक.

दुसऱ्या दिवसापासून भिंतीपलीकडून एक अहो वाढला. "अहो, गोळी." "हूं."

मी बाटली मिठाच्या बरणीशेजारी ठेवली आणि विसरलो. एकट्या माणसाला जेवणाचीच आठवण राहत नाही, तिथं गोळीची कुठून राहणार? वहिनीचा आवाज ऐकून आठवायची, नाही असं नाही. पण मग मी हट्टानं उठायचो नाही. ती त्याला म्हणायली गोळी घ्या, आणि मी भिंतीला कान लावून ते ऐकून गिळायची? माझी काही इज्जत आहे का नाही?

संक्रांतीच्या सुमाराला बाई बाटल्या बघायला आल्या. थोरल्याची बाटली निम्मी झालेली. माझी भरलेली. "काका, तुमचं हे बरोबर नाही," बाई म्हणल्या. "बघा, यांची कशी नीट चाललीय."

थोरला म्हणला, "माझं त्यात कायबी न्हाई बाई. ही हातावर ठिवती, मी गिळतो."

तो खरंच बोलला. तेच मला लागलं. खोटं बोलला असता तर भांडता आलं असतं.

बाई जीपमध्ये बसल्यावर वहिनी माझ्या दारात आली. ती माझ्या घरात सहसा शिरत नाही, माझ्या घरचीच्या पिशव्या अजून खुंटीला आहेत म्हणून. दारातूनच म्हणली, "भावजी, ती बाटली इकडं आणा."

"कामून?"

"कामून म्हंजे? तुमच्याच्यानं व्हायचं न्हाई. सकाळ-संध्याकाळ तिकडंच जेवा अन् गोळी घ्या. तेवढ्यासाठी डॉक्टरीण बाईची बोलणी खायची का आपण?"

"मी करून खातो माझं."

"काय खाता ते वास येतो भिंतीपलीकडं. आणा बाटली."

मी दिली. त्या दिवसापासून मी त्यांच्या ओसरीत जेवायला लागलो. भाकर, येसराची आमटी, करडईची भाजी, वर ठेचा. जेवण झालं की वहिनी आत जायची आणि मुठीत दोन गोळ्या घेऊन यायची. आधी थोरल्याच्या हातावर ठेवायची, मग माझ्या. पाण्याचा तांब्यासुद्धा आधी त्याला. मी रोज बघायचो. बघायचं नाही असं ठरवून बघायचो.

आणि मग थोरला माझ्या डोळ्यांदेखत ताजा दिसायला लागला. गाल चकचकीत, चाल हलकी. एक दिवस तर बाभळीवर चढून शेळ्यांना पाला पाडायला लागला. मी खाली उभा, माझा गुडघा धरून.

"उतर, लेका. पडशील."

"पडत न्हाई. अंग लय हलकं झालंय बग."

हलकं होणारच. खरी गोळी त्याची, तेल त्याच्या विळ्याला. माझ्या पोटात नुसतं काहीतरी गोड पाणी चाललंय याची मला खात्री झाली. रात्री पडल्यावर मी त्याच्या रक्ताचा विचार करायचो. आधीच त्याचं रक्त कामाचं, माझ्या बायकोला देण्याजोगं, आणि आता त्यालाच वरून खरी गोळी. भरलेल्यालाच भरायचं, ही कुठली रीत?

शेवटी एका सकाळी मला राहवलं नाही. वहिनी मूठ उघडायच्या आत मी म्हणलो, "वैनी, आज त्याची मला द्या अन् माझी त्याला."

थोरला हसला. वहिनी म्हणली, "बरं," आणि आधी माझ्या हातावर ठेवली.

"पण ही त्याचीच ना?"

"गोळी कुणाची का असंना, गिळा. पावण्यासारखी तिच्याकडं बघत काय बसता?"

त्या दिवशी मी शेतापर्यंत चालत गेलो आणि मधे कुठं टेकलो नाही. गुडघा दुखला, पण कमी दुखला. मला वाटलं, कळली मेख. संध्याकाळी परत आपलं आधी त्याला, मग मला. मागायला तोंड झालं नाही. रोज कोण मागणार? त्यानं तर नाहीही म्हणलं नसतं. त्यानं नाही म्हणलं असतं तर मी रोज मागितली असती.

होळीच्या आधी बाई परत आल्या. पुन्हा ओटा, पुन्हा टेबल. शेवटचं रक्त काढलं आणि म्हणल्या, बाटल्या द्या, उरलेल्या गोळ्या बघायच्यात. लोकांनी आपापल्या बाटल्या ठेवल्या. वहिनी घरी गेली आणि आली ती सुपारीचा डबा घेऊन. पितळेचा, तिच्या माहेरचा. टेबलावर ठेवून तिनं झाकण काढलं. आत तांबूस गोळ्या, एकदोन सुपारीच्या खांडांसकट.

"मावशी, हे काय?" बाईंनी विचारलं.

"गोळ्या. दोघांच्या."

"दोघांच्या? एकात?"

"त्या बाटलीचं झाकण दाबा अन् फिरवा. माझी बोटं वळत न्हाईत, बाई. रोज कुणाला उघडून मागू? अन् गोळी तर सारखीच, रंग सारखा. भावजींची बाटली घरात आली त्याच दिवशी दोन्ही एकात ओतल्या."

बाईंनी डब्यातली एक गोळी उचलून उजेडात धरली. वहिनीला वाटलं त्यांना अजून कळलं नाही, म्हणून ती सावकाश सांगायला लागली. आमच्यात घरात नवीन काही आलं तर शेजारी वानोळा दिल्याशिवाय खात नाहीत. नवी भाजी असो, ओला हरभरा असो. माझी घरचीही द्यायची, पहिली भेंडी भिंतीवरून पलीकडं जायची आणि मग आमच्या ताटात पडायची. वानोळा एका टोपल्यात पडला की कुणाचा किती हे कुणी बघत नाही. "दोघं एका आज्याची," वहिनी म्हणली. "ह्यांचं ह्यांना अन् त्यांचं त्यांना, असं येगळं मी कसं ठिवू? वाईट दिसतं."

बाईंनी गोळी परत डब्यात टाकली. मग म्हणल्या, "चूक तुमची नाही, मावशी. माझी आहे. एकमेकांच्यात मिसळू नका, हे मी सांगायला पाहिजे होतं. मला सुचलंच नाही." मग आमच्याकडं वळल्या. "पण काका, तुमच्या दोघांचं रक्त आता मोजणीत धरता येणार नाही."

म्हणजे परत बाकडं. फरक एवढाच की आता थोरलाही माझ्याशेजारी बसलेला. आणि त्याला त्याचं काही नव्हतं. बरं म्हणला आणि बाहीचं बटण लावायला लागला.

मी उठलो नाही. म्हणलो, "बाई, मोजणीत धरू नका. पण खरी बाटली कुणाची होती ते मला सांगावं लागंल."

"सगळं उघडल्यावर येऊन सांगते," त्या म्हणल्या. मला वाटलं, कुठल्या येतात. पण पाडवा झाल्यावर आल्या. उन्हात, थोरल्याच्या ओसरीवर. वहिनीनं पाणी दिलं. बाई माझ्याकडं बघून म्हणल्या, "काका, खरी तुमची होती. यांची साधी."

मला आधी हसू आलं. आयुष्यात एकदा तरी काळी जमीन माझ्या वाट्याला आली. आणि पाठोपाठ असा राग आला की पेल्यातलं पाणी मी एका दमात पिऊन टाकलं. माझी खरी गोळी. ती मी मिठाच्या बरणीशेजारी ठेवून दिली, आणि नंतर निम्मी थोरल्यानं खाल्ली. माझीच गोळी खाऊन तो बाभळीवर चढला आणि मी खाली उभा राहून जळत होतो.

"मंग ह्याचे गाल चमकले ते माझ्या गोळीनं," मी म्हणलो.

"गालाला मी खोबरेल लावते," वहिनी म्हणली. "थंडीत उलतात त्यांचे."

थोरला म्हणला, "बाभळीवर तर मी दर साली चढतो. तूच कवा बघितलं न्हाई."

बाईंनी मग बाकीच्या लोकांचं सांगितलं. ज्यांनी खरी गोळी नीट खाल्ली त्यांच्या रक्तात जीवनसत्त्व वाढलेलं दिसलं. पण झिजेच्या ज्या खुणा त्या बघत होत्या, त्या होत्या तेवढ्याच राहिल्या. खरी खाणाऱ्यांच्या आणि साधी खाणाऱ्यांच्या सारख्याच. थोडीच माणसं होती, त्यामुळं यावरून सगळ्या दुनियेचं सांगता येत नाही, हेही त्यांनी सांगितलं. पण आपल्या लोकांचं म्हणाल तर, धडधाकट होती, भाजीभाकर खाणारी होती, त्यांना वरून गोळीची गरज दिसली नाही.

"मंग वाढलेलं गेलं कुठं?" मी विचारलं.

"क जीवनसत्त्व जास्त झालं की लघवीवाटे निघून जातं."

थोरला म्हणला, "म्हंजे तुझी खरी गोळी मी मुतून टाकली. राग सोड आता."

बाई तोंडावर हात ठेवून हसल्या. मीही हसलो असतो, पण वहिनी मधेच बोलली. ती डबा पदरानं पुसत होती. म्हणली, "चला, फिटलं म्हणायचं. ह्यांचं रक्त तिकडं गेलं होतं. तुमची गोळी ह्यांच्या रक्तात आली."

बाईंना काही कळलं नाही, त्या माझ्याकडं बघायला लागल्या. म्हणजे वहिनीला माहीत होतं. मी कधी तोंडातून काढलं नाही तरी, रोज ताटावर बसून मी काय बघतो, ते तिला माहीत होतं.

"फिटलं न्हाई, वैनी," मी म्हणलो. "त्याचं कामाला आलं असतं तर फिटलं असतं. माझी घरची गेलीच."

थोरला माझ्याकडं न बघता म्हणला, "फिटायला ते काय उसनं होतं का?"

असं चांगलं बोलणं त्यालाच कसं सुचतं, याचाच मला त्या घडीला हेवा वाटला, आणि मी पेला खाली ठेवून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी गोळी नव्हती. गोळी नाही म्हणजे त्यांच्या ओसरीत जायचं मला काही कारण नव्हतं. मी माझी चूल पेटवली. पीठ मळायला घेतलं, पाणी जास्त झालं. भिंतीपलीकडून सुरू होतं, अहो तोंड धुतलं का, अहो टॉवेल तिकडं हाय. गोळीचा अहो तेवढा गेला होता. मी तो येतो का म्हणून ऐकत बसलो होतो, हे मला नंतर कळलं.

मग भिंतीवर ठकठक झालं. डब्याचं झाकण आपटल्यासारखं.

"भावजी, चहा गार व्हायलाय."

मी कणकेत आणखी पीठ घातलं.

"गोळी सरली म्हणून भूकबी सरली का?"

मी कणीक तशीच परातीत ठेवली, हात धुतले आणि गेलो. थोरला जेवायला बसला होता. त्यानं आपला पाट सरकवून जागा केली. जेवण झाल्यावर वहिनी आतून डबा घेऊन आली. घासून लख्ख केलेला, आत परत सुपारी. अडकित्त्यानं तिनं एक खांड कातरलं, थोरल्याच्या हातावर ठेवलं. मग दुसरं कातरलं, माझ्या हातावर ठेवलं.

रोज असंच चालू आहे. आधी त्याला, मग मला. आणि मी रोज बघतो.